सीडी, करवत आणि पायातला जबडा

परवा सकाळी अकराच्या सुमाराला एक काका आणि त्यांचा मुलगा ऑफिसात आले, जालन्याहून रात्रीच्या एसटीने निघालेले, हातात कापडाच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत त्या मोठ्या काळ्या फिल्म, रिपोर्टांची फाईल आणि सीटी स्कॅनची एक सीडी. माझ्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नाही (आता कुणाच्या असतो?) पण या धंद्यात सीडीशिवाय चालत नाही म्हणून बाहेरून लावायचा एक ड्राइव्ह मुद्दाम घेऊन ठेवलाय. सीडी घातली, घरघर झाली, फोल्डर उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. स्लाइस ५ मिलिमीटरची.

काकडीच्या जाडजाड चकत्या केल्या आणि त्या परत एकावर एक रचल्या तर काकडी होते, नाही असं नाही, पण तिच्या कडेला पायऱ्या पडतात. सीटी स्कॅनचं अगदी तसंच आहे. जबड्याच्या ऑपरेशनसाठी साचे करायला मला १ मिलिमीटरच्या आतली चकती लागते, ०.६ च्या आसपास मिळाली तर उत्तम. आणि चीड कशाची येते सांगू, मशीन बारीक चकत्याच घेतं! रिपोर्टिंगला सोपं पडावं म्हणून त्या जाड करून सीडीवर टाकतात आणि बारीक डेटा थोड्या दिवसांनी सिस्टिममधून उडवतात कारण जागा अडते. सेंटरला फोन लावला तर तेच, मॅडम ते डिलीट झालं. म्हणजे स्कॅन परत, पैसे परत, रक्तवाहिन्या दिसायला देतात ते डायचं इंजेक्शन परत. काकांचा मुलगा म्हणाला, ताई, फिल्मवर तर सगळं स्पष्ट दिसतंय की. दिसतंय रे बाबा, दिसायला सगळं दिसतंय, पण मला ते नुसतं बघायचं नाहीये, मला त्याच्यावर बसेल असा साचा करायचाय.

तर मी हेच करते. आधी भोसरीला एका टूलरूममध्ये सात वर्षं जिग आणि फिक्स्चर (काम पक्कं धरायचे आणि हत्याराला वाट दाखवायचे साचे) डिझाइन करत होते, आता जबड्याच्या ऑपरेशनसाठी करते. नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी दातांची कवळी बनवते. एका मावशींनी तर लग्नात बाजूला घेऊन स्वतःची कवळी काढून दाखवली होती, हलतेय म्हणून.

आपल्याकडे जबडा काढायची वेळ बहुतेक वेळा कॅन्सरमुळे येते आणि तो कॅन्सर बहुतेक वेळा तंबाखूमुळे. गाल आणि खालची हिरडी यांच्यामध्ये जी खोबण असते ना, जिथे लोक तंबाखूचा बार किंवा गुटखा तासन् तास धरून बसतात, नेमका तिथेच तो होतो, आणि खाली लगेच हाड असल्यामुळे हाडात शिरतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. (आहे हो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर पण आहे, फक्त पुडी काउंटरच्या खालून येते.) ग्लोबोकॅन या जगभरच्या कॅन्सरच्या आकडेवारीच्या २०२० च्या अंदाजात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे नवे पेशंट वर्षाला साधारण १ लाख ३५ हजार होते. त्या सगळ्यांचा जबडा कापावा लागतो असं अजिबात नाही, कुणाचं नुसती वरची कड काढून भागतं, पण ज्यांच्या हाडात तो आत गेलाय त्यांचा जबड्याचा तेवढा तुकडा आरपार काढावाच लागतो.

आणि खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालासारखं एकसंध हाड, दोन टोकं कानापुढच्या सांध्यात अडकवलेली. मधला तुकडा काढून तसंच शिवून टाकलं तर उरलेली बाजू आत आणि बाजूला सरकते, वरचे-खालचे दात एकमेकांवर येत नाहीत. आणि हनुवटीचा भाग गेला असेल तर मग जिभेला पुढून आधारच राहत नाही, ती मागे पडते, लाळ गळत राहते, गिळणं आणि श्वास दोन्हीची पंचाईत. नुसती टायटॅनियमची पट्टी लावून गाल शिवले तर काही महिन्यांनी पट्टी तुटते किंवा कातडीतून बाहेर येते, विशेषतः रेडिएशन झालेल्या माणसात. म्हणून हाडाच्या जागी हाडच लागतं, तेही जिवंत, स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट.

ते हाड येतं पायातून. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला नडगीला लागून एक बारीक लांब हाड असतं, फिब्युला. शरीराचं वजन मुख्यतः नडगी पेलते, त्यामुळे गुडघ्याजवळचे आणि घोट्याजवळचे सहा-सात सेंटिमीटर जागेवर ठेवून मधला सगळा काढला तरी माणूस चालतो. मोठ्या माणसात २० ते २५ सेंटिमीटर हाड मिळतं, त्याला चिकटलेली स्वतःची रक्तवाहिनी असते, वर कातडीचा तुकडा सोबत घेता येतो जो तोंडाच्या आत अस्तर म्हणून लावतात. रक्तवाहिनीसकट हे हाड काढून दुसरीकडे जोडायची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या इयान टेलर यांची, १९७५ ची, पण त्यांनी ते पायासाठीच वापरलं होतं. जबड्यासाठी पहिल्यांदा वापरून १९८९ मध्ये छापलं न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी. माझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट म्हणजे, फार जुनी नाही.

आता अडचण बघा. फिब्युला आहे सरळ, काठीसारखी. जबडा आहे वाकडा. मग काठीला पाचर कापून, म्हणजे त्रिकोणी फाका काढून, दोन-तीन ठिकाणी दुमडायचं आणि त्या दुमडलेल्या काठीचा नाल करायचा. कुठे कापायचं, किती अंशात, किती लांबीचा तुकडा, हे सगळं पूर्वी टेबलावर ठरायचं. पेशंट भूल दिलेला, जबड्याचा तुकडा काढून झालेला, सर्जन हातात पट्टी घेऊन डोळ्याच्या अंदाजाने वाकवतायत, लावून बघतायत, काढतायत, परत वाकवतायत. आणि एकदा पायातली रक्तवाहिनी कापली की घड्याळ सुरू होतं, तिथून मानेतल्या रक्तवाहिनीला जोडून होईपर्यंत त्या हाडाला रक्त नाही. मी ज्या सरांबरोबर सगळ्यात जास्त काम करते त्यांनी अशी शेकडो केलीत, हाताने, आणि चांगली केलीत. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे कुणाला वाटायला नको की कॉम्प्युटर यायच्या आधी सगळा अंधार होता.

कॉम्प्युटरने काय केलं तर ही सगळी झटापट ऑपरेशनच्या आधी, खुर्चीत बसून, चहा पीत करायची सोय केली. २००९ च्या सुमाराला न्यूयॉर्कमधल्याच सर्जन लोकांचे या पद्धतीवरचे पेपर आले आणि नंतरच्या दहा वर्षांत ती सगळीकडे पसरली. आता वाचताना फार भारी वाटतं, व्हर्च्युअल सर्जिकल प्लॅनिंग वगैरे, पण करायला बसलं की पहिला अर्धा दिवस हमाली असते. सीटीमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे हजार, ज्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी सीटी मशीन बनवलं त्यांच्याच नावाचं ते एकक. मी साधारण सव्वादोनशेच्या वरचं सगळं हाड धर असं सॉफ्टवेअरला सांगून सुरुवात करते. मग हाड येतं, आणि हाडासोबत मानेतल्या डाय भरलेल्या शिरा येतात, गळ्यातलं मंगळसूत्र येतं (काढायला सांगूनही), आणि दाढेत चांदी भरलेली असेल किंवा टोपी बसवलेली असेल तर तिथून चारी बाजूंना दिवाळीतल्या भुईचक्रासारखे किरण फाकतात, दातांचा आकारच कळत नाही. हे सगळं हाताने पुसत बसायचं. कानापुढच्या सांध्यात जबडा कवटीला चिकटून आलेला असतो, तोही हाताने वेगळा करायचा. यात एआय आलंय आता, मी वापरते, बरंच काम सोपं झालंय, पण आजारी हाडापाशी ते गडबडतं, कारण पोखरलेलं हाड त्याला हाड वाटत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल लोक फार विचारतात म्हणून एका वाक्यात सांगते, महागडी पॅकेजेस आहेत, त्यांचं लायसन्स लहान सेटअपला परवडत नाही, आणि थ्रीडी स्लायसर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ज्यात बोन रिकन्स्ट्रक्शन प्लॅनर नावाचं एक्स्टेन्शन खास याच कामासाठी आहे. शिकायचंय त्यांनी तिथून सुरुवात करा, पण फुकट आहे म्हणजे त्याच्या जिवावर उद्याच पेशंटचं काम करायचं असं नाही.

मग होतो कॉल. सर रात्री दहाच्या आधी मोकळे नसतात, बरेचदा गाडीत असतात, ड्रायव्हर चालवतोय आणि हे मागे टॅबवर माझी स्क्रीन बघतायत, मध्येच बोगदा आला की आवाज जातो. हा कॉल म्हणजे माझ्या मते या सगळ्या प्रकारातला जीव आहे. बाकी काय, थ्रीडी प्रिंटर कुणीही घेतो. कुठून कुठपर्यंत कापायचं, म्हणजे गाठीपासून हाडात निदान १ सेंटिमीटर सोडून, हे सरच सांगतात, मी फक्त स्क्रीनवर तिथे कापायची पातळी ठेवते. उजवा पाय की डावा, हे कातडी तोंडाच्या आत हवी की बाहेर आणि रक्तवाहिनी मानेच्या कुठल्या बाजूला उतरणार यावरून ठरतं. पायाचाही स्कॅन लागतो, डाय देऊन, कारण काही माणसांत पायाला रक्त पुरवणाऱ्या बाकीच्या दोन वाहिन्या बारीक असतात आणि सगळा पाय फिब्युलाच्या याच एका वाहिनीवर जगत असतो, अशात ती काढली तर पायच जाईल. तिसरी गोष्ट तुकडे किती. मला कॉम्प्युटरवर छान वळण आणायला पाच तुकडे करायला काही वाटत नाही, हनुवटी एकदम गोल येते, पण तुकडा २ सेंटिमीटरहून लहान झाला की त्याचं रक्त टिकेल याची खात्री नसते. पहिल्या वर्षी मी एक असंच सुंदर पाच तुकड्यांचं प्लॅन दाखवलं होतं, सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, अगं, याला फोटो काढायला न्यायचंय की जेवायला बसवायचंय? दोन तुकडे कमी केले.

एकदा हे ठरलं की मग माझं खरं काम, कटिंग गाइड. टूलरूमवाल्यांना सांगायची गरज नाही, हा ड्रिल जिगच आहे. जबड्यावर नेमक्या एकाच जागी बसेल असा प्लास्टिकचा साचा, त्यात करवतीसाठी फट. पायाच्या हाडावर दुसरा साचा, त्यात सगळ्या तिरक्या फटी आपापल्या कोनात. सर्जनने साचा स्क्रूने बसवायचा, फटीत करवत घालायची, झालं. त्यातही मला जो भाग सगळ्यात आवडतो तो म्हणजे भोकं. जबडा कापायच्या आधीच, तो अख्खा असताना, गाइडमधून पट्टीच्या स्क्रूची भोकं पाडून घ्यायची. मग कापा. गाठीचा तुकडा गेला, उरलेली दोन टोकं लोंबकळतायत, कुठलं कुठे होतं ते कुणालाच सांगता येणार नाही अशी अवस्था, पण पट्टी आणा आणि त्या आधीच्या भोकांत स्क्रू पिळा, दोन्ही टोकं आपोआप मूळच्या जागेवर, सांधा सांध्यात. पहिल्यांदा हे डोळ्यांसमोर झालेलं पाहिलं तेव्हा मास्कच्या आत मी एकटीच हसत होते.

पण जिग धातूवर बसवणं वेगळं आणि माणसावर वेगळं, हे कळायला मला दोन-तीन केस गेल्या. धातूवर मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात खेळायचे. तीच खोड घेऊन पायाच्या हाडाचा पहिला गाइड केला, अगदी घट्ट, हाडाच्या मापाला माप. तो बसलाच नाही. डुगडुगत होता. कारण पायातलं ते हाड सोलून काढत नाहीत, त्याच्यावरचं आवरण आणि थोडा स्नायू तसाच ठेवतात, रक्त त्यातूनच हाडाला जातं ना! सीटीमध्ये मी फक्त हाड काढलं होतं, हे पातळ अस्तर माझ्या मापात नव्हतंच. तेव्हापासून मी तिथे मुद्दाम सैल ठेवते. शिवाय ते हाड नळीसारखं एकसारखं असल्यामुळे साचा वर-खाली कुठेही बसू शकतो, त्याला खूण नाही, म्हणून घोट्याच्या टोकापासून इतके सेंटिमीटर असं मोजून साच्यावरच आकडा कोरते. करवतीचंही तसंच. पातं स्वतःच्या जाडीएवढं हाड खातं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, चार काप म्हटले की दोन मिलिमीटर गेलेच. आणि प्रत्येक हॉस्पिटलची करवत वेगळी. म्हणून मी आता कॉलमध्ये शेवटचा प्रश्न हाच विचारते, करवत कुठली? सुरुवातीला सगळे हसायचे.

फजितीची गोष्ट आलीच आहे तर ती एक पण सांगून टाकते. सुरुवातीला एका ठिकाणी मी सरावासाठी म्हणून जबड्याचं मॉडेल आणि गाइड साध्या पीएलएमध्ये छापून पाठवले होते, ज्यात मुलं प्रोजेक्ट करतात ते प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पाकिटावर काही लिहिलं नाही. तिथल्या सिस्टरनी त्यांच्या नियमाप्रमाणे ते ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनला टाकलं, १३४ अंश. बाहेर आलं ते आमसुलासारखं. चूक शंभर टक्के माझी. नशिबाने आदल्या दिवशी झालं. आता गाइड वाफेत टिकणाऱ्या नायलॉनचे किंवा मेडिकल रेझिनचे असतात आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात, मराठीत सुद्धा, काय करायचं आणि काय नाही ते लिहिते.

पट्टीबद्दल दोन शब्द. पेशंटच्या मापाची टायटॅनियमची पट्टी लेसरने थेट छापून मिळते, फार सुरेख असते, आणि तिची किंमत ऐकून बहुतेक घरं गप्प होतात. आमच्याकडे जास्त करून दुसरा मार्ग चालतो. नव्या जबड्याचं मॉडेल छापायचं, काही हजारांत होतं, आणि नेहमीची बाजारातली पट्टी त्या मॉडेलवर आदल्या दिवशी निवांत वाकवून ठेवायची. दिसायला जुगाड वाटतो पण काम चोख होतं. कुठल्या केसला महागडी पट्टी खरंच हवी आणि कुठे नुसती हौस, यावर माझी मतं आहेत, ती इथे लिहिली तर मला काम मिळायचं बंद होईल.

आता ज्या केसमुळे हे सगळं डोक्यात घोळतंय ती. चार वर्षांपूर्वीची. एक शेतकरी, चाळिशीतला माणूस, डाव्या बाजूच्या खालच्या हिरडीचा कॅन्सर. स्कॅन झाला, प्लॅन झालं, गाइड तयार. आणि ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत साखर चारशेच्या घरात निघाली. ती आटोक्यात येईपर्यंत तारीख तीन आठवडे पुढे गेली. गाठ काही तारखेची वाट बघत नाही. टेबलावर उघडल्यावर दिसलं की आम्ही जिथे पुढची रेघ मारली होती तिथे आता सुरक्षित अंतर उरलेलं नाहीये. आणि हाडाचं असं की मांसाचा तुकडा जसा फ्रोझन सेक्शनला (गोठवून लगेच तपासायला) पाठवून वीस-तीस मिनिटांत उत्तर मिळतं तसं हाडाचं मिळत नाही, ते आधी मऊ करावं लागतं, त्यात दिवस जातात. त्यामुळे शंका आली की जास्त घ्यायचं, दुसरा इलाज नाही.

मी शहाणपणा करून जबड्याच्या गाइडला एक जास्तीची फट ठेवली होती, १ सेंटिमीटर पुढे. सरांनी मला शाबासकी देत त्या फटीतून कापलं. आणि मग खाली पायापाशी बसलेल्या दुसऱ्या टीमने विचारलं, आता आमची फट कुठली? जबडा एक सेंटिमीटर जास्त गेला म्हणजे पायाचा शेवटचा तुकडा पण एक सेंटिमीटर लांब लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल, आणि मी पायाच्या गाइडला जास्तीची फट ठेवलीच नव्हती. वरची सोय केली, खालची विसरले. ऑपरेशन थिएटरमध्ये काही सेकंद जी शांतता झाली ती मला अजून आठवते, मॉनिटरची टिकटिक तेवढी. सर काही बोलले नाहीत. गाइडच्या बाकीच्या फटी वापरल्या, शेवटची सोडून दिली, मोजपट्टीने मोजलं, डोळ्याने कोन धरला आणि हाताने कापलं, पूर्वी कापायचे तसं. बसलं. थोडी कड घासावी लागली, पण बसलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्लॅनमध्ये ब असतोच, दोन्ही साच्यांवर, जोडीने, फटीशेजारी अ आणि ब कोरलेलं. पण मला खरी धास्ती दुसरीच आहे. त्या दिवशी ज्यांच्या हातात मोजपट्टी होती त्यांनी वीस वर्षं हाताने केलं होतं म्हणून ते निभावलं. आता जी मुलंमुली शिकतायत त्यांच्यातल्या काहींनी पहिल्या केसपासून गाइडच पाहिलाय. एका रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, मला विचारलं होतं, मॅडम गाइड यायला उशीर झाला तर केस पुढे ढकलायची का? कॅन्सरची केस! मी इंजिनिअर, मी काय सांगणार त्याला, पण माझ्या मते प्रत्येकाने थोड्या तरी केस मॉडेलवर का होईना डोळ्याच्या अंदाजाने करून बघाव्यात. अंदाजाला पण सराव लागतो. मी मॉडेलं फुकट छापून द्यायला तयार आहे, हे त्यांच्या डिपार्टमेंटला दोनदा सांगून झालंय.

सगळ्या केस अशा घाईच्या नसतात. एक मुलगी होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, अमेलोब्लास्टोमा, म्हणजे कॅन्सर नाही पण जबडा आतून पोखरत फुगवत जाणारी गाठ. ती बहुतेक वेळा मागच्या दाढेपाशी सुरू होते आणि नुसती खरवडून काढली तर परत येते. इथे वेळ असतो, पण वेगळीच गोची. हाड फुगलेलं आहे, मग मूळ आकार कुठला? तर चांगल्या बाजूचा आरसा धरायचा, उजवी बाजू उलटी करून डावीवर ठेवायची. प्लॅन दिसायला झकास आलं आणि तिच्या आईने स्क्रीनकडे बघून सांगितलं, ही माझी मुलगी नाही. मी म्हटलं, काकू, हाडच आहे हे, चेहरा नाही. पण त्या हटेनात. मग लक्षात आलं, कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो आणि या मुलीची हनुवटी मुळातच किंचित डावीकडे होती, गाठीच्याही आधी. जुने फोटो मागवले. पहिला आला आधार कार्डावरचा, त्यात तर ती कुणीही असू शकली असती. मग दहावीच्या निरोप समारंभाचा मिळाला, समोरून, हसताना. त्यावरून हनुवटी तीन मिलिमीटर सरकवली.

तिच्या प्लॅनची सुरुवात आम्ही हाडापासून केलीच नाही, दातांपासून केली. पुढेमागे इम्प्लांटवर, म्हणजे हाडात रोवलेल्या स्क्रूवर, दात बसवायचे तर दात कुठे येणार ते आधी ठरवायचं, मग त्याच्याखाली स्क्रू, मग त्या स्क्रूखाली हाड कुठे हवं ते. उलट्या क्रमाने. नाहीतर हाड छान खालच्या कडेला बसवतात, बाहेरून चेहरा मस्त, आणि आतून दातांच्या पातळीपासून हाड इतकं खाली की इम्प्लांटवाला डोक्याला हात लावतो. फिब्युलाची उंची असते दीडेक सेंटिमीटर आणि दात असलेल्या जबड्याची जवळजवळ दुप्पट. म्हणून काही वेळा दोन तुकडे एकावर एक ठेवतात, दुनळी बंदुकीसारखे. न्यूयॉर्कच्या टीमने २०१३ मध्ये याचा कळस गाठला, जबडा काढणं, पायाचं हाड, इम्प्लांट आणि तात्पुरते दात, सगळं एकाच दिवशी. नावच दिलं जॉ इन अ डे. हे मुख्यतः अशा साध्या गाठींमध्येच जमतं जिथे नंतर रेडिएशन द्यायचं नसतं. आमच्या मुलीला आम्ही दोन टप्प्यांत नेलं, दात नंतर. पायाला थोडे दिवस आधार लागला. शेवटच्या व्हिजिटला तिने बाहेरच्या गाडीवरची भेळ खाऊन आल्याचं सांगितलं तर सर रागावले आणि मग हळूच मला म्हणाले, बघ, चावतेय.

आणि त्या शेतकरी काकांचं विचाराल तर ते ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी आले होते, रेडिएशन होऊन, बारीक झालेले, बोलणं थोडं जाड पण कळण्यासारखं. टेबलावर त्यांच्याच जबड्याचं मॉडेल होतं, मी ते ठेवून दिलेलं, पायाच्या भागाला वेगळा रंग दिलेला. त्यांनी हातात घेतलं, फिरवून बघितलं, बोट नेमकं त्या शेवटच्या सांध्यावर ठेवलं जिथे सरांनी हाताने कापलं होतं आणि विचारलं, इथं काय झालं होतं? मी सांगितलं, जसं झालं तसं. त्यांनी मान हलवली. घरी न्यायला मिळेल का म्हणाले. कागदात गुंडाळून दिलं. आता त्यांच्या घरात ते कुठल्या फडताळात असेल, पोरं बघून घाबरत असतील का, देव जाणे.

जालन्याच्या काकांचा नवा स्कॅन आज दुपारी आला, यावेळी पेनड्राइव्हवर, ०.६ मिलिमीटर, पायाचा पण सोबत. डाव्या दाढेत चांदी आहे, भुईचक्र आहेच. संध्याकाळभर ते पुसत बसले होते म्हणून पोस्ट इतकी तुटक झालीय, सांभाळून घ्या. दहाला कॉल आहे. या हॉस्पिटलची करवत मला माहीत नाही, तेवढं आधी विचारून घेते.